साठ हजारांची वाटणी आणि स्पीकरचा हिस्सा

प्रश्न : मी गोव्यातील फोंडा तालुक्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. नाट्यगीते आणि ख्याल निवांतपणे ऐकता यावेत म्हणून मी साठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. घरात चाळीसेक एलपी आहेत, वडिलांच्या वेळच्या थोड्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत आणि बाकीचे गाणे मी मोबाईलवर ऐकतो. एका दुकानदाराने स्पीकर, ॲम्प्लिफायर, टर्नटेबल आणि ‘केबल, स्टॅबिलायझर वगैरे’ अशा चार भागांसाठी प्रत्येकी पंधरा हजारांचा हिशेब करून दिला आहे. माझे मेहुणे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, होते. त्यांनी १९८० च्या सुमारास आणलेला एक जपानी ॲम्प्लिफायर माळ्यावर पडून आहे, पण तो लावून पाहण्याची हिंमत होत नाही. मुलगा म्हणतो, साउंडबार घ्या आणि मोकळे व्हा. खोली चिऱ्यांच्या जुन्या घरातली असून चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आहे. खाली लादी, वर मंगळुरी कौले. पैसे कसे वाटावेत?

उत्तर : दुकानदाराचा हिशेब दिसायला न्याय्य असला, तरी तो स्वीकारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. चार भावांत जमीन वाटताना समान हिस्से शोभतात. संगीतसंचाच्या चार भागांचा आवाजावरचा परिणाम मात्र समान नसतो, आणि ज्या भागाचा परिणाम सर्वांत मोठा त्याच्याकडे सर्वाधिक पैसे जायला हवेत. तो भाग म्हणजे स्पीकर.

याचे कारण समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघतात. ॲम्प्लिफायर हा केवळ विजेच्या संकेताशी काम करतो, आणि हे काम आजच्या स्वस्त उपकरणांनाही उत्तम जमते. साधा, नीट बनवलेला ॲम्प्लिफायर ऐकू येणाऱ्या संपूर्ण पट्ट्यात एका डेसिबलच्या लहानशा अंशापलीकडे इकडेतिकडे होत नाही आणि त्याची विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ संकेतात पडणारी भेसळ) बहुधा ०.१ टक्क्याच्या आत असते. स्पीकरला मात्र विजेचे रूपांतर कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या शंकूच्या हालचालीत करायचे असते, आणि जिथे वस्तू प्रत्यक्ष हलते तिथे चुका मोठ्या होतात. चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकातही अधिक-उणे तीन डेसिबलचा फरक अभिमानाने छापलेला असतो, आणि खर्जातील विकृती एक टक्क्यावर गेली तरी कोणाला नवल वाटत नाही. दोन बऱ्या ॲम्प्लिफायरमधला फरक ओळखण्यासाठी कान टवकारावे लागतात. दोन स्पीकरमधला फरक शेजारच्या खोलीतूनही कळतो.

याच्या उलट मत आपल्या कानावर आले असेल. १९७० च्या दशकात स्कॉटलंडमधील लिन या टर्नटेबल बनवणाऱ्या कंपनीने असा आग्रह धरला की मूळ स्रोतच सदोष असेल तर पुढची साखळी कितीही भारी असून उपयोग नाही, म्हणून सर्वाधिक खर्च टर्नटेबलवर करावा. त्या काळी या म्हणण्यात तथ्य होते, कारण टर्नटेबलसुद्धा हलणारेच यंत्र आहे आणि मोटरची घरघर किंवा फिरण्याच्या वेगातला चढउतार पुढे कोणालाही काढून टाकता येत नसे. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि स्रोताच्या बाबतीतला हा युक्तिवाद बराचसा निकालात निघाला. आज आपल्या मोबाईलला जोडायचा काही शेकड्यांचा अडॅप्टरही या कामात कमी पडत नाही. आपल्या घरी चाळीस एलपी आहेत, म्हणून टर्नटेबलचा विचार करणे भाग आहे; त्याकडे पुढे येतो.

स्पीकरसाठी साठांपैकी तीस हजार ठेवावेत. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये संशोधक फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात ऐकणाऱ्यांना कंपनीचे नाव किंवा पेटीचे रूप दिसू न देता स्पीकरच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा बहुतेकांची पसंती ज्यांचा प्रतिसाद सपाट आणि गुळगुळीत होता, म्हणजे जे खालचे-वरचे सगळे स्वर सारख्याच जोराने वाजवत, अशा स्पीकरना मिळाली. जाड खर्ज किंवा चमचमता वरचा पट्टा यांना नव्हे. दुकानात गेल्यावर नेमके उलटे घडते. तिथे जो स्पीकर जरा अधिक झगझगीत तोच पहिल्या पाच मिनिटांत बाजी मारतो, आणि घरी आणल्यावर अर्ध्या तासात डोके दुखू लागते. म्हणून दुकानदाराने लावलेली गाणी ऐकू नयेत. स्वतःच्या परिचयाचे एखादे नाट्यगीत आणि एक ख्याल मोबाईलवर घेऊन जावे, आणि दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवायला सांगावे, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर प्रत्येकाला चांगलाच वाटतो. तानपुऱ्याची जवारी एकसंध ऐकू येते की नुसती सळसळ होते, गायकाचे ‘स’ आणि ‘श’ टोचतात का, डग्ग्यावर तळहात दाबून पुढे सरकवताना येणारी मींड शेवटपर्यंत स्पष्ट राहते की मध्येच नुसता धप्प आवाज होतो, एवढ्या तीन गोष्टींकडे लक्ष दिले तरी पुरे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीत घुमट हे मातीचे चर्मवाद्य ऐकत वाढलेल्या माणसाला चौथी कसोटी सांगायला नको. घुमटाचा घुमारा स्पीकरच्या पेटीच्या घुमाऱ्यात मिसळून गेला, तर तो स्पीकर आपल्या कामाचा नाही.

आकाराच्या मोहात पडू नये. चार मीटरच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४३ हर्ट्झला ध्वनिलहर कोंडते आणि तिची दुप्पट ८६ हर्ट्झला. साडेतीन मीटरच्या बाजूने हेच आकडे ४९ आणि ९८ होतात. जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर या पट्ट्याला इतकी ताकद देतात की आपल्यासारख्या खोलीत खर्ज नुसता घोंघावत राहतो. पाच ते साडेसहा इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा शंकू) असलेली, स्टँडवर ठेवायची जोडी गायकीसाठी पुरेशी आहे, आणि त्याच किमतीत लहान पेटीत अधिक चांगली सामग्री मिळते.

गोव्याच्या हवेसाठी एक बाब आवर्जून पाहावी. शंकूच्या कडेची गोल पट्टी रबराची असावी, फोमची नसावी. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि दहा-पंधरा वर्षांत बोट लावताच त्याचा भुगा पडतो. कोणी जुने विलायती स्पीकर स्वस्तात देऊ केले, तर जाळी काढून ही कड आधी पाहावी.

आता वॅटविषयी. आपल्याकडे अजूनही काही खोक्यांवर हजारो वॅट ‘पीएमपीओ’ (क्षणिक उच्चांकाच्या नावाने फुगवलेली शक्ती) छापलेले असतात; त्या आकड्याला काहीही अर्थ नाही. आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या खऱ्या शक्तीचा, आकडाच विचारावा. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर एका मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज देतो. आपण अडीच मीटरवर बसलात आणि दोन्ही स्पीकर वाजत असले, तर तेवढ्याच शक्तीत साधारण ८२-८३ डेसिबल मिळतात, म्हणजे घरातल्यांनी ‘जरा कमी करा’ म्हणण्याइतके. तानेच्या किंवा तबल्याच्या क्षणिक उसळीसाठी आणखी दहा-बारा डेसिबलची जागा सोडली, तरी वीस वॅटमध्ये भागते. पन्नासच्या जागी शंभर वॅट घेतल्याने केवळ तीन डेसिबल वाढतात. तेव्हा तीस ते पन्नास वॅटच्या पुढे एक रुपयाही जाऊ देऊ नये.

आणि इथेच मेहुण्यांचा ॲम्प्लिफायर महत्त्वाचा ठरतो. आपल्या पत्रातली ही ओळ वाचून मला दुकानदाराचा संपूर्ण हिशेब बदलावासा वाटला. त्या काळातल्या चांगल्या जपानी ॲम्प्लिफायरमध्ये तीस-चाळीस खरे वॅट असतात, टर्नटेबलसाठी फोनो इनपुट (सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारी जोडणी) आतच असते, बास-ट्रेबलचे खटके असतात आणि पुष्कळदा मोनोचे (डावा-उजवा एकत्र करणारे) बटणही असते. जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्याला यांतली प्रत्येक गोष्ट हवी असते. शुद्धतावादी मंडळी टोन कंट्रोलला नाके मुरडतात. पण ७८ वरून उतरवलेल्या गाण्यातली खरखर ट्रेबल थोडे खाली आणून सुसह्य होते, आणि मोनो एलपी वाजवताना मोनोचे बटण दाबले की खाचेतल्या वरखाली हालचालीचा गोंगाट दोन्ही बाजूंनी एकमेकांना छेदून कमी होतो. आज हजारो रुपये मोजून घेतलेल्या अनेक नव्या ॲम्प्लिफायरमध्ये ही सोय नाही.

मात्र आपली भीती योग्य आहे, आणि तो परस्पर प्लगमध्ये घालू नये. प्रथम मागची बाजू पाहावी. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते. जहाजावरच्या लोकांसाठी विकलेल्या संचांवर पुष्कळदा ११०, १२०, २२० आणि २४० असे आकडे असलेली व्होल्टेज बदलण्याची खाच असते. ती असल्यास २२० किंवा २४० वर फिरवलेली आहे ना, याची खात्री करावी. खाच नसेल आणि केवळ १०० व्होल्ट लिहिलेले असेल, तर व्होल्टेज उतरवणारा वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो थेट लावला, तर पहिल्याच क्षणी त्याचा ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज जाईल.

त्यानंतर तो रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या जुन्या, अनुभवी तंत्रज्ञाकडे न्यावा. असे लोक आता कमी राहिले आहेत, पण म्हापसा, मडगाव, फोंडा अशा गावांत विचारपूस केल्यास सापडतात. झाकण उघडून आतली धूळ, पालीची अंडी आणि मुंग्यांची वसाहत साफ करणे हे पहिले काम. मग तो सिरीज दिव्यातून वीज देऊन सुरू करायला सांगावे: ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या वायरीत शंभर वॅटचा जुना, तारेचा दिवा जोडलेला असतो, आत शॉर्ट असेल तर दिवा भक्क पेटून राहतो आणि संच वाचतो, सगळे ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंदावतो. पुढची तपासणी स्पीकरच्या टर्मिनलवर, स्पीकर न जोडता, मल्टिमीटरने करायची. तिथे डीसी व्होल्टेज काही दशक मिलिव्होल्टपर्यंत चालेल. शंभराच्या पुढे असेल तर दुरुस्तीशिवाय नवे स्पीकर त्याला जोडू नयेत, कारण तसा प्रवाह वूफरची कॉइल जाळू शकतो. फुगलेले कपॅसिटर बदलणे, आवाजाचे खटके आणि स्पीकरचा रिले कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करणे, एवढ्यात बहुतेक जुने संच मार्गी लागतात. यासाठी चार हजार रुपये राखून ठेवावेत. तंत्रज्ञाने आउटपुटचे मुख्य ट्रान्झिस्टर किंवा आयसी गेल्याचे सांगितले, तर आग्रह सोडावा. त्या भागांच्या नावाने मिळणारे नकली भाग पुन्हा जळतात.

टर्नटेबलच्या बाबतीत खर्चाला खालची मर्यादा आहे, आणि ती ओलांडून खाली जाणे म्हणजे एलपींचे नुकसान करणे. सूटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त रेकॉर्ड प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरून तिच्या हालचालीची वीज बनवणारा भाग) असते, ज्याची सुई पाच ग्रॅमच्या आसपास दाब देते. चुंबकावर चालणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. या फरकाने आपल्या चाळीस एलपींचे आयुष्य ठरेल. सोळा हजारांच्या आसपास मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा आणि सुई बदलता येण्याजोगा साधा टर्नटेबल घ्यावा. त्यापुढचा खर्च चाळीस तबकड्यांसाठी मला पटत नाही. अशा टर्नटेबलमध्ये आत छोटा फोनो ॲम्प्लिफायर असतो आणि मागे ‘फोनो’ व ‘लाइन’ असा खटका असतो. जुन्या ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला जोडताना तो ‘फोनो’वरच ठेवावा, नाहीतर तीच प्रक्रिया दोनदा होऊन आवाज फुटका आणि गढूळ येईल. सोबतची बारीक ग्राउंड वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावायला विसरू नये. निम्म्या तक्रारींमधली ‘हम्म’ तिथेच संपते.

मोबाईल मात्र फोनोला लावू नये. त्यासाठी ऑक्स किंवा टेप असे लिहिलेले इनपुट आहे. अडॅप्टर आणि एक साधी वायर पाचशे-सातशे रुपयांत होते.

चिरंजीवांच्या साउंडबारविषयी एवढेच म्हणेन की टीव्हीवरची बातमी आणि संवाद स्पष्ट ऐकण्यासाठी तो चांगला आहे. एका मीटरच्या पट्टीतून डावा-उजवा वेगळा ऐकू येण्याची अपेक्षा करू नये, आणि तो बिघडला की बहुधा दुरुस्त होत नाही.

आता दुकानदाराच्या चौथ्या हिश्शाकडे, म्हणजे ‘केबल, स्टॅबिलायझर वगैरे’च्या पंधरा हजारांकडे पाहू. स्पीकरसाठी विजेच्या दुकानात मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची, दोन पदरी, तांब्याची लवचीक वायर घ्यावी. पाच मीटर लांबीच्या जाण्या-येण्याचा तिचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास भरतो, जो आठ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य आहे. हजार रुपयांत हा विषय मिटतो. किनाऱ्याजवळच्या दमट, खारट हवेत वायरीची उघडी टोके काळवंडतात. वर्षातून एकदा पावसानंतर ती कापून नव्याने सोलावीत आणि टर्मिनल घट्ट करावे. एवढी काळजी कोणत्याही सोनेरी प्लगपेक्षा उपयोगाची आहे.

स्टॅबिलायझर मी यादीतून काढतो आहे. त्याऐवजी सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक उसळीपासून संरक्षण) असलेला चांगला बोर्ड घ्यावा आणि घरातल्या तीन-पिन सॉकेटला खरेच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांत तिसरे भोक पुष्कळदा नावापुरते असते, आणि अर्थिंगशिवाय सर्ज बोर्ड आपले काम पूर्णपणे करू शकत नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला, की बोर्ड असला तरी प्लग काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय. केबल टीव्हीची वायर ॲम्प्लिफायरपर्यंत येत असेल तर तीही काढावी.

चौथ्या हिश्शातले वाचलेले पैसे खोलीवर खर्च करावेत. आपल्या खोलीत एक मोठी जमेची बाजू आहे: कौलारू उतरते छप्पर सपाट नसल्याने आणि फटींमधून आवाज बाहेर जाऊ देत असल्याने सिमेंटच्या छताइतका त्रास देत नाही. अडचण लादीची आणि गुळगुळीत गिलाव्याची आहे. खोलीच्या मधोमध टाळी वाजवून पाहावी. टाळीमागे धातूसारखी झणझण आली, तर तीच झणझण प्रत्येक तानेलाही चिकटेल. स्पीकर आणि बैठक यांच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी आणि एका बाजूला जाड कापडाचा पडदा एवढ्याने आवाजात पडणारा फरक दहा हजारांच्या नव्या उपकरणापेक्षा जास्त असतो.

स्पीकर शोकेसच्या कप्प्यात किंवा कोपऱ्यात ठेवू नयेत, मागच्या भिंतीपासून निदान चाळीस सेंटिमीटर पुढे ठेवावेत आणि उंचीचे गणित असे करावे की बसल्यावर ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या पातळीत येईल. गावातल्या सुताराकडून साठ-पासष्ट सेंटिमीटरचे जड, लाकडी स्टँड करून घेतले तर तीन हजारांत काम होईल. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नये, कारण मघाशी सांगितलेल्या सगळ्या कोंडलेल्या लहरी भिंतीशीच सर्वांत जोरात असतात. आणि ती बरोबर मधोमधही ठेवू नये, कारण तिथे ४३ हर्ट्झची लहर नाहीशी होते आणि ८६ ची उसळते. मागच्या भिंतीपासून खोलीच्या एक-तृतीयांश अंतरावर बसून पाहावे आणि तिथून अर्धा हात मागेपुढे सरकावे. हे फुकटचे काम आहे आणि त्यासाठी एक पूर्ण दुपार द्यावी.

एकूण हिशेब असा झाला: स्पीकर तीस हजार, टर्नटेबल सोळा हजार, ॲम्प्लिफायरची दुरुस्ती चार हजार, स्टँड तीन हजार, सतरंजी आणि पडदा अडीच हजार, सर्ज बोर्ड दीड हजार, वायर एक हजार. उरलेल्या दोन हजारांत अडॅप्टर आणि एलपी साफ करण्याचा कार्बन ब्रश येईल. ॲम्प्लिफायर दुरुस्त होण्यापलीकडे निघाला, तर चौदा हजारांचा नवा, साधा, टोन कंट्रोल असलेला घ्यावा आणि टर्नटेबल पुढच्या वर्षावर टाकावा. स्पीकरच्या तीस हजारांना हात लावू नये. म्हणूनच क्रमही तसाच ठेवावा: आधी ॲम्प्लिफायर तपासणीला, मग स्पीकर, आणि टर्नटेबल शेवटी.

वडिलांच्या तबकड्या राहिल्या. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. तिला सुमारे पंचाहत्तर मायक्रॉनची सुई लागते, तर एलपीची अठराच्या आसपास असते. एलपीची सुई त्या तबकडीत घातली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते, आवाज खरखरीत येतो आणि सुई खराब होते. शिवाय अनेक साध्या टर्नटेबलमध्ये ७८ चा वेगच नसतो. तो वेग आणि ७८ ची वेगळी सुई मिळणारे मॉडेल सोळा हजारांत बसले तर उत्तम, नाहीतर त्या थोड्या तबकड्या जाणत्या संग्राहकाकडून एकदा डिजिटल करून घ्याव्यात. तोवर त्या उभ्या ठेवाव्यात आणि बुरशी आल्यास ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कपड्याने पुसाव्यात. स्पिरिट किंवा अल्कोहोल त्यांना मुळीच लावू नये, कारण त्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मेहुण्यांच्या ॲम्प्लिफायरच्या मागे कोणते आकडे लिहिले आहेत आणि स्पीकरसाठी किती ओहमची मर्यादा दिली आहे, ते मला कळवावे. काही जुन्या संचांना चार ओहमचे स्पीकर मानवत नाहीत, त्यामुळे जोडी निश्चित करण्यापूर्वी ते पाहणे आवश्यक आहे.